फोन वाजतो, तेव्हा तो कुणाच्या हातात असतो?

श्रोतेहो, नमस्कार.

पायांवर आलेली सूज दिवसभर उभे राहिल्याने आली असेल, असे म्हणून गरोदर बाई ती अंगावर काढते. डोके ठणकते, डोळ्यांपुढे अंधारी येते, त्याचेही खापर उन्हावर फोडले जाते. मग एखाद्या रात्री अचानक झटके येतात आणि घरातल्यांची गाडीसाठी धावाधाव सुरू होते. जागतिक आरोग्य संघटना आणि तिच्या सहयोगी संस्थांच्या अंदाजानुसार २०२३ साली गरोदरपणाशी व बाळंतपणाशी निगडित कारणांनी जगभरात सुमारे २ लाख ६० हजार स्त्रिया दगावल्या. अतिरक्तस्राव, वाढलेला रक्तदाब आणि जंतुसंसर्ग ही त्यामागची मोठी कारणे असून तिन्हींवर इलाज उपलब्ध आहेत. दवाखान्यात न्यायचे हे घरात ठरेपर्यंत, वाट कापेपर्यंत आणि तिथे पोहोचल्यावर उपचार सुरू होईपर्यंत, अशा तीन टप्प्यांवर वेळ जातो, ही मांडणी अभ्यासकांनी १९९४ साली केली आणि ती आजही वापरात आहे. यांपैकी पहिला उशीर कमी करण्यासाठी मोबाइल फोनचा उपयोग कितपत होतो, याविषयी आज बोलायचे आहे.

टांझानियातील झांजिबार बेटांवर २००९-१० मध्ये २४ आरोग्य केंद्रांतील अडीच हजारांहून अधिक गरोदर स्त्रियांचा एक अभ्यास झाला. निम्म्या केंद्रांतील स्त्रियांना तपासणीची आठवण करून देणारे संदेश पाठवले गेले आणि आरोग्यसेविकेशी बोलता यावे म्हणून फोनच्या खर्चासाठी व्हाउचरही देण्यात आले. त्या गटात ६० टक्के बाळंतपणे प्रशिक्षित व्यक्तीच्या हातून झाली, दुसऱ्या गटात ४७ टक्के. मात्र हा फरक शहरी भागातील स्त्रियांमध्येच स्पष्ट दिसला. ज्यांना मदतीची अधिक निकड होती, त्या खेड्यांतील स्त्रियांच्या बाबतीत संदेशांचा तसा परिणाम आढळला नाही, ही गोष्ट अशा योजनांचे कौतुक करताना बहुधा गाळली जाते.

लेखी संदेश वाचण्यासाठी अक्षरओळख लागते, म्हणून आपल्याकडच्या योजनांनी आवाजाचा मार्ग धरला. डॉ. अपर्णा हेगडे यांनी २००८ साली मुंबईत स्थापन केलेल्या ‘अरमान’ या संस्थेच्या ‘एम-मित्र’ सेवेत, गरोदरपणाचा जो आठवडा चालू असेल त्याला साजेसा ध्वनिमुद्रित संदेश फोनवर ऐकवला जातो. फोन कोणत्या वेळी यावा, हे नाव नोंदवतानाच त्या स्त्रीला विचारले जाते. वरवर किरकोळ वाटणारी ही सोय मला सर्वांत शहाणपणाची वाटते, कारण दुपारी दोन वाजता धुणेभांडी करणाऱ्या बाईचे हात साबणात असतात. बिहारमध्ये सुरू झालेली आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने देशपातळीवर आणलेली ‘किलकारी’ ही सेवाही याच धर्तीची आहे. चौथ्या महिन्यापासून बाळ वर्षाचे होईपर्यंत दर आठवड्याला एक, असे ७२ संदेश त्यात असतात आणि ते सांगणारी डॉक्टर अनिता हे एक काल्पनिक पात्र आहे. मध्य प्रदेशातील चार जिल्ह्यांत पाच हजारांवर गरोदर स्त्रियांच्या सहभागाने या सेवेची काटेकोर चाचणी झाली. सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याच्या प्रमाणात तिच्यामुळे फरक पडला नाही. तात्पुरत्या गर्भनिरोधक साधनांचा वापर मात्र वाढला.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीनुसार, स्वतः वापरता येईल असा मोबाइल देशातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच होता. उरलेल्यांच्या घरात फोन असतो, पण तो नवऱ्याच्या खिशातून सकाळीच बाहेर पडतो. ठाणे जिल्ह्यातील एका पाड्यावर मी आशाताईंसोबत फिरत होतो, तेव्हा त्यांचाच फोन तासाभरात तीनदा वाजला. तिन्ही वेळा तोच बाईचा आवाज होता, एकदा सहाव्या महिन्याविषयी, एकदा आठव्या आणि एकदा बाळाच्या लसीविषयी. ज्यांच्याकडे फोन नाही, त्यांच्या नावापुढे आशाताईंनी स्वतःचाच नंबर लिहून दिला होता. “नवरे वीटभट्टीवर असतात हो, तिथं कोण ऐकणार?” त्या म्हणाल्या. नोंदवहीच्या दृष्टीने ही चूकच, आणि वर बसून आकडे पाहणाऱ्याला या तिन्ही जणी आपापल्या फोनवर संदेश ऐकताहेत असे वाटत असणार.

आशाताईंनी चौथा फोन मात्र मुद्दाम एका घराच्या ओसरीवर नेऊन उचलला आणि स्पीकर सुरू केला. सहावा महिना लागलेली एक मुलगी तांदूळ निवडता निवडता ऐकू लागली. लोहाची गोळी रोज घ्यावी, असे त्या आवाजाने सांगताच ती फोनकडे वळून म्हणाली, “पण तिच्यानं मळमळतं, त्याचं काय?” आवाज पुढच्या वाक्यावर गेला होता. आशाताईंनी फोन खाली ठेवला आणि रात्री जेवणानंतर, चहाच्या आगेमागे अजिबात नाही, अशी ती गोळी कशी घ्यायची ते तिला समजावले; शौचाला काळी होईल, त्याला घाबरायचे नाही, हेही सांगितले.