नांदायला ये, नाहीतर...

नमस्कार मंडळी! पोरगी सासर सोडून माहेरी आली की मागोमाग वकिलाची नोटीस येते, पंधरा दिवसांत नांदायला या नाहीतर दावा लावू, हे कुणाच्या ना कुणाच्या घरात झालेलं असतंच. वकील मंडळी त्याला नुसतं ‘सेक्शन नाईन’ म्हणतात, म्हणजे हिंदू विवाह कायद्याचं कलम ९, सोडून गेलेल्या जोडीदाराला परत नांदायला यायचा हुकूम द्या असं कोर्टाकडं मागायचं. आणि बऱ्याच जणांना वाटतं की ही आपली जुनी रीतच असणार, बायकोनं नवऱ्याच्या घरी राहायचं, तेच कायद्यात उतरवलं असेल. तर तसं नाहीये बरं का, हे कलम आलंय इंग्लंडातनं, तिथल्या चर्चच्या कोर्टातनं!

हे मला कळलं ते रखमाबाईंच्या खटल्यामुळे. अकराव्या वर्षी लग्न झालं, नवरा दादाजी भिकाजी, पण त्या राहिल्या आईकडेच, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी, तिथंच शिकल्या, मोठ्या झाल्या आणि मग म्हणाल्या, मी जात नाही. १८८४ साली दादाजीनं मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी तो फेटाळला, त्यांचं म्हणणं असं की हिंदू कायद्यात असली सोय नाहीच, आणि जी मुलगी नवऱ्याकडं कधी राहिलीच नाही तिला मनाविरुद्ध तिकडं पाठवणं म्हणजे क्रूरपणा.

झालं! धर्म बुडाला म्हणून बोंब उठली. लोकमान्यांचा केसरीही रखमाबाईंच्या विरोधात. मला इथं गंमत वाटते, म्हणजे गंमत कसली, एक साहेब न्यायाधीश सांगतोय की हे तुमच्या शास्त्रात नाही, आमच्याकडचं आहे, आणि आपलेच लोक धर्माच्या नावानं साहेबाचंच हत्यार उचलून धरतायत.

अपिलात निकाल फिरला, खटला परत खाली गेला, आणि मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम दिला की महिन्याभरात नवऱ्याकडं जा नाहीतर सहा महिने तुरुंग. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंगात जाते. आता बघा, इंग्लंडनं यातली तुरुंगाची शिक्षा १८८४ सालीच काढून टाकली होती, म्हणजे दादाजीनं दावा लावला त्याच साली, इथं मात्र ती चालूच! शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, रखमाबाई लंडनला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षं काम केलं. या खटल्यानं जी चर्चा पेटली तिच्यातनंच पुढं १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला, मुलीच्या शरीरसंबंधाच्या संमतीचं वय दहाचं बारा झालं, तेवढंच.

मग स्वातंत्र्य आलं. १८ मे १९५५ ला हिंदू विवाह कायदा लागू झाला, त्यात हाच दावा कलम ९ म्हणून आला. रखमाबाई तेव्हा हयात होत्या, नव्वद वर्षांच्या. त्याच सप्टेंबरात त्या गेल्या.

इंग्लंडनं १९७० मध्ये हा दावाच रद्द केला. आपल्याकडं १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टानं कलम ९ घटनाबाह्य ठरवलं, बाईच्या शरीरावरचा हक्क तिचा स्वतःचा म्हणून, पण पुढच्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं सरोज राणी खटल्यात कलम वाचवलं, म्हणाले याचा उद्देश संसार टिकवणं हा आहे. आता तुरुंग नाही, पण मालमत्तेवर जप्ती येऊ शकते. आणि संसार टिकवण्याचं म्हणाल तर कोर्टाच्या व्हरांड्यात वेगळंच ऐकू येतं, बायकोनं पोटगी मागितली की नवरा लगेच सेक्शन नाईन टाकतो, मी तर न्यायला तयार आहे साहेब, हीच येत नाही! आणि हुकूम होऊनही वर्षभर एकत्र आले नाहीत तर त्याच आधारावर घटस्फोट मागता येतो, म्हणजे नांदण्याचा दावा घटस्फोटाची पायरी म्हणूनही वापरतात, आणि तशी ती बायकाही वापरतात, हेही सांगायला हवं.

२०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या पोरांनी या कलमाला सुप्रीम कोर्टात पुन्हा आव्हान दिलं. पिन्हेसाहेबांनी १८८५ ला विचारलेलाच प्रश्न, फक्त आता हातात घटना आहे.