नुसता रस्ता साफ केला?

(परदेशातल्या आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांत मेळाव्यातलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं आवरून)

मंडळी, नमस्कार. हातात तिळगूळ आहे, तेव्हा गोड बोलायला हवं. पण गेला आठवडाभर एक वाक्य माझ्या डोक्यात घोळतंय, आणि ते तुमच्यापुढे मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमचा धाकटा नऊ वर्षांचा आहे. नोव्हेंबरात इथली सगळी मुलं युद्धात गेलेल्या सैनिकांच्या आठवणीसाठी छातीवर कागदी लाल पॉपीचं फूल लावून शाळेत जातात, तोही गेला होता. आता बाईंनी गृहपाठ दिलाय: तुमच्या घरच्या माणसांच्या देशातला एक सैनिक निवडा. एक पान. वर चित्रासाठी चौकट, खाली दोन प्रश्न. त्याने काय केलं? तो शूर का?

मी लगेच म्हटलं, मेजर रामा राघोबा राणे. परमवीर चक्र.

पोराने पेन्सिल उचलली आणि विचारलं, "आई, त्यांनी किती माणसं मारली?"

मी म्हटलं, "त्यांना परमवीर मिळालं ते माणसं मारण्यासाठी नाही. त्यांनी सुरुंग काढले, झाडं बाजूला केली. रणगाड्यांना रस्ता मोकळा करून दिला."

"नुसता रस्ता साफ केला?" तो म्हणाला, आणि पेन्सिल खाली ठेवली.

मी खडकीची. बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करातल्या अभियंत्यांच्या पलटणीच्या, फाटकावरून माझी शाळेची बस रोज जायची. वडील अॅम्युनिशन फॅक्टरीत होते, आमच्या चाळीत निवृत्त फौजी दर दोन घरांआड. त्यामुळे 'नुसता' हा शब्द मला फार लागला. पोराचा राग आला नाही, वाईट वाटलं. हा शब्द त्याने आणला कुठून?

त्या रात्री पुण्याला फोन लावला तर वेगळंच सुरू झालं. राणे मूळचे कारवारजवळच्या चेंडिया गावचे. माझा भाऊ म्हणाला, राणे आपलेच, घरात कोकणी, पलटण खडकीची. आमचे हे म्हणाले, कारवार कर्नाटकात आहे, त्यांचा माणूस आपल्या खात्यात कशाला टाकता? अर्धा तास फोनवर सीमाप्रश्न पेटला. आवाज चढले. पोरगं जिन्यावर बसून ऐकत होतं. ते माणूस कोणाचं यावर आम्ही भांडलो, त्याने काय केलं हे कोणीच त्या मुलाला सांगितलं नाही. मंडळी, हे फक्त माझ्या घरातलं आहे असं मला वाटत नाही.

तर काय केलं, ते आज इथे सांगते.

पोलीस शिपायाचा हा मुलगा १० जुलै १९४० रोजी बॉम्बे सॅपर्समध्ये भरती झाला, साधा शिपाई म्हणून. त्या तुकडीतला सर्वोत्तम रंगरूट तोच ठरला. मग ब्रह्मदेशात जपान्यांविरुद्ध. बुथिडाँगला माघार घेताना राणे आणि थोडे सॅपर्स मुद्दाम मागे ठेवले होते, शत्रूच्या हाती लागू नये असं सगळं उडवून द्यायला. त्यांना न्यायला जहाज यायचं होतं. ते आलं नाही. जपानी गस्त चुकवत, नदी ओलांडत ही माणसं आपली आपण आपल्या डिव्हिजनपर्यंत पोचली. राणे हवालदार झाले, पुढे जमादार (आजचे नायब सुभेदार), आणि डिसेंबर १९४७ मध्ये सेकंड लेफ्टनंट. शिपायापासून चढत गेलेला माणूस आहे हा.

चारच महिन्यांनी, एप्रिल १९४८. काश्मीरची लढाई चाललेली. जम्मूकडची राजौरी पाकिस्तानातून आलेल्या हल्लेखोरांच्या ताब्यात, तिथल्या लोकांचे हाल चाललेले. नौशेऱ्याहून तिकडे जाणारा रस्ता डोंगराला वेटोळे घालत जाणारा, आणि तो सगळा सुरुंग, पाडलेली चीडची झाडं आणि उडवलेले पूल यांनी बंद केलेला. रणगाडे गेल्याशिवाय राजौरी मिळणार नव्हती, आणि रस्ता मोकळा झाल्याशिवाय रणगाडे हलणार नव्हते.

८ एप्रिल, सकाळी अकराचा सुमार. राणे आपली माणसं घेऊन रणगाड्यांपाशी थांबलेत, काम अजून सुरूही झालेलं नाही. तेवढ्यात उखळी तोफांचा मारा. दोन सॅपर जागीच गेले, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. त्यांनी उरलेल्यांना गोळा केलं आणि काम सुरू केलं. रात्री दहापर्यंत, शत्रूच्या डोळ्यांदेखत, मशीनगनच्या माऱ्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला पुन्हा. दुपारी तीनला वळणरस्ता तयार झाला, तसे राणे सगळ्यात पुढच्या गाडीत चढले. अर्ध्या मैलावर आडवी झाडं. उतरले, सुरुंगाने उडवली. तीनशे यार्डांवर पुन्हा झाडं. मग मोडलेली मोरी. संध्याकाळी सव्वासहाला पाच मोठी चीडची झाडं, भोवती सुरुंग, वरून मशीनगन. काळोख पडत होता म्हणून सेनानायकाने थांबवलं, नाहीतर ते थांबणार नव्हते. १० तारखेला पहाटे पावणेपाचला त्याच झाडांपाशी पुन्हा, साडेसहाला ती दूर. पुढचा हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे, ते साडेदहाला संपले. रणगाडे तावी नदीच्या पात्रात उतरून दुपारी दोनला राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले. राणे मागेच. मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांना रस्ता लागणार होता ना! अन्न नाही, विश्रांती नाही, रात्री नऊपर्यंत. ११ तारखेला पुन्हा सकाळी सहा ते रात्री दहा.

१२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरलं.

रणगाड्याच्या पोटाखालून राणे सरपटत गेले आणि चालकाला दोरीने इशारे देत गाडा सुरुंगांतून काढला, असंही फौजेत सांगतात. मला मात्र त्या घड्याळाच्या आकड्यांनीच जास्त हलवलं. परमवीराच्या सन्मानपत्रात हेच आकडे आहेत: किती वाजता सुरू केलं, किती वाजता थांबले. अमुक इतके शत्रू मारले, असं एक वाक्य नाही.

आता थोडं आपल्याबद्दल, राग मानू नका. गेली कित्येक वर्षं आपण शिवजयंतीला मुलांकडून अफझलखानाचा वध करून घेतो. वाघनखं निघाली की टाळ्या. मी स्वतः पुठ्ठ्याची वाघनखं शिवून दिली आहेत. पण याच सभागृहात कधी रायगड बांधणारे हिरोजी इंदुलकर उभे राहिले का? रायगडावर जगदीश्वराच्या पायरीपाशी आपण सगळे वाकलोय, 'सेवेचे ठायी तत्पर' वाचून गळा दाटलाय, फोटो काढलेत. तिथून खाली उतरलो की मुलाच्या हातात तलवार देतो. मग माझं पोरगं 'नुसता रस्ता' म्हणालं, तर चूक कोणाची?

आणि आणखी एक. १९४७-४८च्या त्या लढाईत पाच परमवीर झाले. तिघं रणातच गेले, राणे आणि करमसिंग हे दोघंच जगले. गेलेल्यांना आपण हार घालतो. जगून परत आलेल्याचं काय करायचं, हे आपल्याला कळत नाही. राणे १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले. त्यांच्या नावाचं तेलवाहू जहाज निघालं, कारवारच्या किनाऱ्यावर आता पुतळा आहे, अंदमानात एका बेटाला नाव आहे. ११ जुलै १९९४ रोजी ते पुण्यातल्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. तेव्हा मी पुण्यातच कॉलेजात होते. त्या दिवसाची मला काहीही आठवण नाही. चाळीत कोणी बोललं असेलही, मी ऐकलं नाही.

आमच्या ह्यांना मी एवढंच म्हटलं: परमवीराच्या पदकाची घडण सावित्रीबाई खानोलकरांची. जन्म स्वित्झर्लंडचा, लग्न मराठी फौजी अधिकाऱ्याशी, आणि पदकावर घातलं काय, तर इंद्राचं वज्र, दधीचींच्या हाडांचं. त्या 'कोणाच्या' हे त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं.

परवा शनिवारी मला चाळीतले एक निवृत्त सुभेदार आठवले. ते आम्हा मुलांना तुळशीच्या कुंडीत सुरुंग म्हणून डब्याचं झाकण पुरून दाखवायचे आणि हातात स्वेटरची सुई द्यायचे. "वरून टोचलंस तर गेलास. तिरकी घाल, हळू, कडेला लागली पाहिजे."

मी मागच्या अंगणातल्या कुंडीत बिस्किटांच्या डब्याचं झाकण पुरलं आणि पोराला सुई दिली. पहिल्यांदा त्याने सरळ वरून खुपसली. टण्णकन आवाज आला. मी काही बोलले नाही. त्याचं त्यालाच कळलं. दुसऱ्या वेळी तो गुडघ्यावर बसला, गाल जवळजवळ मातीला टेकवला आणि सुई तिरकी, अगदी सावकाश घालत राहिला. थंडीने बोटं लाल झाली होती. एक झाकण सापडायला त्याला अकरा मिनिटं लागली.

"आणि हे करताना वरून गोळ्या येत होत्या?"

"हो."

"चार दिवस?"

"चार दिवस."

तो हात धुवायला गेला. पान अजून टेबलावर पडलंय. चौकटीत त्याने एक कुंडी काढली आहे. पहिल्या प्रश्नापुढे लिहिलंय: सुरुंग काढले. दुसरा प्रश्न कोरा आहे. कुंडी बघून वर्गातली मुलं हसतील, असं त्याला वाटतंय. सोमवारी पान द्यायचंय, आणि ती हसणार नाहीत असं मला त्याला सांगता आलेलं नाही.