बोटीवरची नोकरी आणि मोबाईलवरचा एजंट

मंडळी, विषय सायबर ठगीचा आहे, पण सुरुवात आपल्या घरापासून करतो. पोरगा पदवीधर झाला की आपण काय विचारतो? "कोणाची ओळख आहे? किती द्यावे लागतील?" 2024 मध्ये सरकारी नोकरीच्या नावाखाली लाखो रुपये उकळल्याची प्रकरणं गोव्यात एकामागोमाग बाहेर आली. घेणाऱ्यांचं मला नवल वाटलं नाही. वाटलं ते देणाऱ्यांच्या खात्रीचं. पैसे मोजल्याशिवाय नोकरी नाही, ही खात्री घरात आधीच पक्की असते. ठगाला ती नव्यानं पटवावी लागत नाही.

आपल्याकडे तारवटी, म्हणजे बोटीवर काम करणारे, घरोघरी, म्हणून बोटीचंच उदाहरण घेऊ. व्हॉट्सअ‍ॅपवर क्रूझ कंपनीचं नेमणूकपत्र येतं. लोगो हुबेहूब, मुलाखत चॅटवरच उरकलेली, पगार डॉलरमध्ये. मग मेडिकलचे पैसे, व्हिसाचे पैसे, "परत मिळणारी" अनामत. भरायचे मात्र कुणा भलत्याच माणसाच्या खात्यात. आता नियम ऐका. जहाजावर भरती करणाऱ्या एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा, परवाना लागतो, आणि नोकरी लावून देण्याबद्दल त्याला उमेदवाराकडून पैसे घेता येत नाहीत. आखातातल्या नोकरीचं वेगळं. तिथे नोंदणीकृत एजंटला फी घेता येते, पण जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी, तेही पावती देऊन. अशा एजंटांची यादी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर आहे. आरपीएसएलवाल्यांची महासंचालनालयाच्या साइटवर. पत्रावर खरा परवाना क्रमांक छापलेला असला तरी हुरळू नका, तो कुणालाही उतरवून घेता येतो. फोन करायचा तो यादीतल्या नंबरवर.

"आधी टुरिस्ट व्हिसावर या, पुढचं बघू" असं म्हणणाऱ्याशी तर बोलणंच थांबवा. थायलंडमधल्या कॉम्प्युटरच्या नोकरीला म्हणून निघालेली भारतीय मुलं सीमेपलीकडे म्यानमारच्या म्यावाडीत अडकली, आणि तिथे त्यांना लोकांना फसवायच्याच कामाला जुंपलं गेलं.

टेलिग्रामवरच्या "लाइक करा, कमवा"बद्दल बहुतेकांनी ऐकलंय. सुरुवातीला दीडदोनशे रुपये खरंच येतात, मग मोठ्या टास्कसाठी स्वतःचे घालायला सांगतात, आणि ते काढायला गेलात की "टॅक्स" मागतात. त्यापेक्षा मला धास्ती वाटते ती दुसऱ्याच कामाची: "कंपनीचे पैसे तुमच्या खात्यात येतील, कमिशन कापून पुढे पाठवा." ते पैसे दुसऱ्या कुणाच्या तरी फसवणुकीचे असतात. खातं गोठतं आणि पोलिसांना पहिल्यांदा सापडतो तो तुमचाच पत्ता.

मघाशी एका बाईंनी विचारलं, पैसे गेलेच तर काय करायचं? लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन फिरवा, बँकेला कळवा. वेळ दवडलात तर पैसे पुढच्या खात्यांत पांगतात. व्यवहाराचा यूटीआर क्रमांक, म्हणजे बँकेच्या मेसेजमधला त्या व्यवहाराचा नंबर, जवळ ठेवा आणि शरमेपोटी चॅट पुसू नका, तक्रारीला तोच पुरावा लागतो. आणि चार दिवसांनी "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो" असा फोन आला, तर त्याचाही नंबर त्याच तक्रारीत घाला.