गाव वर का आहे? लुबेरॉनची सायकलवाट

[सकाळ. काव्हायों गावाबाहेरची सपाट डांबरी वाट, दोन सायकली.]

सकाळचे सात वाजलेत आणि हे जे सपाट सपाट दिसतंय ना, त्याला फसू नका. दुपारपर्यंत आमच्या पायांचे तुकडे पडणार आहेत.

हा दक्षिण फ्रान्स. प्रोव्हान्स. आणि उजव्या हाताला तो जो आडवा पसरलाय तो लुबेरॉन, डोंगर म्हणायचा म्हणून म्हणायचं, सगळ्यात उंच टोक 1125 मीटर, म्हणजे आपल्या सिंहगडापेक्षाही बुटका. पण याच्या दोन्ही अंगांना जी जुनी गावं चिकटलीत ती बघायला जगभरातून लोक येतात, गाडीतून येतात, पार्किंगचे पैसे भरतात, फोटो काढतात आणि जातात. आम्ही सायकलवर आलोय. का, ते पुढे कळेल, आत्ता सांगून काय फायदा.

डोंगराभोवती सायकलवाल्यांसाठी पाट्या लावलेला एक मोठा गोल रस्ता आहे, सगळा केला तर सव्वादोनशे किलोमीटरच्या वर जातो. आम्ही त्याचा पश्चिमेकडचा तुकडा घेतला आणि मधूनच डोंगर ओलांडायचं ठरवलं, म्हणजे साधारण 90 किलोमीटर, दोन दिवसांत, आरामात. आणि हो, लॅव्हेंडर या व्हिडिओत दिसणार नाही. ते जूनच्या शेवटी फुलतं आणि जुलैत कापून नेतात, आम्ही आलोय सप्टेंबरात. ज्यांना जांभळंच बघायचं होतं त्यांची आधीच माफी मागतो.

[सरळ वाट, दोन्ही बाजूंना द्राक्षमळे.]

ही वाट इतकी सरळ कशी? कारण हा रेल्वेमार्ग होता. या रुळांवरून फळं जायची, गेरू जायचा, पुढे रेल्वे गेली, रूळ उपटले आणि त्यावर सायकलची वाट केली, कालाव्हों नदीच्या खोऱ्यातून. रेल्वेला चढ झेपत नाही, त्यामुळे आपल्यालाही चढ नाही. गाडी नाही, हॉर्न नाही, मधे एखादा रस्ता आडवा येतो तेवढंच. पुण्या-मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये सायकल चालवलेल्या माणसाला पहिला अर्धा तास काहीतरी चुकल्यासारखंच वाटत राहतं.

आता डावीकडे लांब बघा, तो पांढऱ्या डोक्याचा पर्वत. तो व्हांतू, 1909 मीटर. पांढरं दिसतंय तो बर्फ नाही, चुनखडीचा उघडा दगड आहे. टूर द फ्रान्स बघणाऱ्यांना सांगायला नको, 1967 मध्ये टॉम सिम्पसन हा ब्रिटिश रेसर शर्यत चालू असताना तिथेच वर कोसळला आणि गेला. आमची त्याच्या वाटेला जायची लायकी नाही. आपण पुढे जाऊ.

आणि उजवीकडे, डोंगराच्या कुशीत ते पडकं गाव दिसतंय? ते जुनं ओपेद. वर किल्ल्याचे अवशेष, खाली ओस पडलेली घरं. नाव लक्षात ठेवा, ओपेद, शेवटी लागणार आहे.

हे गाव कुणी जाळलं नाही हां, लोक आपणहून सोडून गेले. शेत खाली, पाणी खाली, पुढे रेल्वेही खाली, मग रोज वर चढून राहायचं कशाला? एकेक कुटुंब खाली उतरत गेलं आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गावाची कचेरीसुद्धा खाली आली. मग प्रश्न असा, की मुळात वर राहायला गेलेच कशाला? हा प्रश्न मला गाडीतून पडला नसता खरं सांगतो, पण सायकलवर प्रत्येक गावाला चढताना तो पडतोच, आणि दर वेळी जरा शिवीसकटच पडतो.

[दगडी पूल. पाणी अगदी थोडं.]

थांबा. हा पूल बघा. पाँ ज्युलियें. तीन कमानी, बिनचुन्याचा, दगडावर दगड. इसवी सनपूर्व 3 मधला, रोमन लोकांचा. इटलीहून आल्प्स उतरून स्पेनकडे जाणारा त्यांचा जो हमरस्ता होता, व्हिया डोमिशिया, तो इथून जायचा. खांबांमध्ये ही जी भोकं ठेवलीत, ती खिडकीसारखी, ती शोभेची नाहीत. आत्ता नदी अशी मरतुकडी दिसतेय पण पूर आला की चवताळते, आणि मग पाणी खांबाला धडकण्याऐवजी या भोकांतून निघून जातं. आणि ऐका, या पुलावरून 2005 पर्यंत मोटारी जात होत्या. दोन हजार वर्षं! मग शेजारी नवा पूल बांधला आणि हा चालणाऱ्यांना आणि आपल्यासारख्यांना मोकळा करून दिला. आपल्याकडे पूल किती टिकतात यावर मी काही बोलत नाही.

पण मुद्दा बघा. रोमन रस्ता खोऱ्यातून, सपाट. रेल्वे खोऱ्यातून, सपाट. म्हणजे ज्यांना कुणाची भीती नव्हती त्यांनी खालची वाट घेतली. मधली हजार-दीड हजार वर्षं मात्र माणसं वर, भीतीपोटी.

[चढ. धापा टाकल्याचा आवाज.]

पुलापासून रूसियों गाव, पाच-सहा किलोमीटर. चढ तसा काही घाट म्हणावा असा नाही पण ऊन डोक्यावर आलंय आणि माझ्या भाड्याच्या सायकलचा सगळ्यात हलका गिअर पडायलाच तयार नाही, भाड्याने देणाऱ्याने सकाळी हसत हसत सांगितलं होतं की सगळं परफेक्ट आहे. असो. एका वळणानंतर माती बदलते. आधी पिवळसर, मग नारिंगी, मग एकदम लालभडक, आणि त्यात हिरवे पाइन.

हा गेरू. तुळशीवृंदावनाला, मातीच्या कुंडीला आपण लावतो तोच, मातीतलं लोखंड गंजून आलेला रंग. अठराव्या शतकाच्या शेवटी झां-एतिएन अस्तिए नावाच्या इथल्याच माणसाने तो धंद्याच्या प्रमाणावर काढायला सुरुवात केली. पद्धत साधी, माती पाण्यात धुवायची, वाळू खाली बसते, रंग पाण्याबरोबर पुढे वाहत जातो, तो हौदात साठवून वाळवायचा. पिवळा हवा तर तसाच ठेवा, लाल हवा तर भट्टीत भाजा. रसायनातून तयार केलेले स्वस्त रंग आले आणि धंदा बसला. आता खाणीतून पायवाट केलीय, तिकीट काढून फिरायचं, माती उचलून न्यायला बंदी. पांढरे बूट घालून जाऊ नका, माझे बघा.

गावातली घरंही सगळी याच रंगांची. आणि याच गावात नाटककार सॅम्युएल बेकेट लपून राहिला होता. 1942 मध्ये पॅरिसमध्ये त्याचा नाझींविरुद्ध काम करणारा गट फुटला, तो आणि त्याची जोडीदार सुझान तिथून निसटले ते इथे पोचले, आणि युद्ध संपत येईपर्यंत तो इथल्या शेतकऱ्यांकडे राबत होता. बोनेली नावाच्या एका द्राक्षवाल्याकडे पण. 'वेटिंग फॉर गोदो' प्रायोगिक नाटकवाल्यांना तोंडपाठ असतं, पण त्याच्या मूळ फ्रेंच संहितेत रूसियों आहे, द्राक्षं तोडणं आहे आणि चक्क बोनेलीचं नाव आहे, हे मला इथे येण्याआधी माहीत नव्हतं. रस्त्याकडेला दोन माणसं, एक झाड, आणि वाट बघणं. इथे दुपारी बारा ते दोन सगळी दुकानं बंद असताना कठड्यावर बसून बघा, ते नाटक आपोआप कळतं.

त्यावरून एक कामाचं सांगतो. गावागावात दगडी कारंजी आहेत, बाटली भरायची तर पाटी वाचा. 'ओ पोताब्ल' म्हणजे प्यायचं पाणी, आणि 'नों' लिहिलं असेल तर फक्त डोकं भिजवा. आणि कुठेही काही विचारायच्या आधी 'बोंझूर' म्हणा, नाहीतर कितीही गोड बोललात तरी समोरचा माणूस गार.

[दुसरा दिवस. डोंगरउतारावरचं गाव, वर चर्चचं टोक.]

बोनियो. नदीपासून वरच्या जुन्या चर्चपर्यंत अडीचशे मीटरच्या आसपास चढायचं आणि शेवटी सायकल ठेवून 86 पायऱ्या. पण वर आलं की समोर, दरीपलीकडे, बरोबर नजरेच्या रेषेत दुसरं गाव. लाकोस्त. वर किल्ला. मार्की द सादचा, हो तोच, ज्याच्या नावावरून सॅडिझम शब्द आला. 2001 मध्ये पिएर कार्दें या फॅशनवाल्याने तो विकत घेतला. त्याबद्दल सगळेच सांगतात, मला त्याहून या दोन गावांचं एकमेकांकडे बघणं जास्त इंटरेस्टिंग वाटतं. बोनियो होतं पोपच्या मालकीचं, कॅथलिक, 1791 पर्यंत फ्रान्समध्ये नव्हतंच. लाकोस्त प्रोव्हान्समध्ये, म्हणजे फ्रान्सच्या राजाखाली, आणि तिथे वोद्वा लोकांची वस्ती. सायकलवर मधली दरी उतरून चढायला पाऊण तास पुरे, पण ती माणसं शेकडो वर्षं एकमेकांकडे तटावरून बघत होती.

हे वोद्वा कोण? बाराव्या शतकात लिआँचा एक व्यापारी, वाल्दो, सगळं वाटून टाकून गरिबीचा उपदेश करत फिरायला लागला, त्याचे हे अनुयायी. चर्चने त्यांना पाखंडी ठरवलं. पुढे त्यांच्यातले बरेच जण आल्प्समधून इकडे आले, कारण प्लेग आणि लढायांनी इथली जमीन ओस पडली होती आणि जमीनदारांना कसणारे हात हवे होते. धर्म कोणता, ते तेव्हा कुणी फारसं विचारलं नाही.

[घळ. गार सावली, चाकांचा आवाज.]

बोनियोनंतर थोडं चढून मग ही लूरमारांची घळ, डोंगराला मधोमध चिरणारी. सगळा उतार, पेडल मारायचीच गरज नाही. रस्ता अरुंद आहे, वळणं आंधळी, पण मागून येणाऱ्या गाड्या थांबतात, खरंच थांबतात. गावाबाहेर सायकलला ओव्हरटेक करताना दीड मीटर अंतर सोडायचं असा कायदाच आहे इथे.

घळीखालच्या लूरमारां गावात लेखक अल्बेर कामूची कबर आहे. 1957 मध्ये नोबेल मिळालं, त्या पैशातून त्याने 1958 मध्ये इथे घर घेतलं, आणि 4 जानेवारी 1960 ला इथून पॅरिसला जाताना मोटार अपघातात गेला. खिशात ट्रेनचं तिकीट होतं. कबर म्हणजे एक ओबडधोबड दगड, वर नाव आणि दोन सालं, भोवती रोपटी. आम्ही तिथे कॅमेरा बंद ठेवला.

[पश्चिमेकडे वळलेला रस्ता. वाऱ्याचा आवाज माइकमध्ये घुसतोय.]

आता परतीचा रस्ता आणि मिस्त्राल. उत्तरेकडून, रोन नदीच्या खोऱ्यातून येणारा हा वारा नेमका तोंडावर, सपाटीला सुद्धा चढासारखं वाटतं. डावीकडे द्युरांस नदी. उजवीकडे मेरिंदोल.

खालचं मेरिंदोल साधं गाव आहे, दुकान, शाळा, फुटबॉलचं मैदान. जुनं वर टेकडीवर. सायकली खाली लावून चालत गेलो. हे मात्र लोक आपणहून सोडून गेले नाहीत. 1540 मध्ये एक्स शहरातल्या न्यायालयाने हुकूम काढला की मेरिंदोल पाडून टाका, आणि 1545 च्या एप्रिलमध्ये सैन्य आलं. वीसच्या वर वोद्वा गावं लुटली, जाळली. लाकोस्त जळलं, लूरमारां जळलं, जिवंत सापडलेल्या शेकडो पुरुषांना जहाजांवर वल्ही मारायला पाठवलं. आणि या मोहिमेचा म्होरक्या, न्यायालयाचा अध्यक्ष झां मेनिए. ओपेदचा सरदार. काल सकाळी उजव्या हाताला बघितलेलं ते पडकं गाव, तो वरचा किल्ला, त्याचा.

म्हणजे ज्याने भीती घातली त्याचंही गाव वर, ज्यांना भीती वाटली त्यांचंही वर, आणि आज दोन्हीकडे वर फक्त दगड. माणसं खाली, रस्त्याला लागून.

[काव्हायों. संध्याकाळ, फळांचा स्टॉल.]

शेवटचे सतरा किलोमीटर वाऱ्याने आमचा जीव काढला, त्याचं फुटेजच नाही, दोघांनाही कॅमेरा हातात धरवत नव्हता. काव्हायों हे खरबुजांचं गाव. 1864 मध्ये इथल्या लायब्ररीने कादंबरीकार अलेक्सांद्र द्युमाकडे त्याची पुस्तकं मागितली, तो म्हणाला सगळी देतो, बदल्यात दरवर्षी डझनभर खरबुजं पाठवा, आणि गावाने खरंच पाठवली. आम्ही 'बोंझूर' म्हणून एकच घेतलं. चाकू नव्हता. स्टॉलवरच्या बाईंनी आमच्या पायांवरचा लाल गेरू बघितला, काही न विचारता खरबूज कापलं, आणि शेजारचा क्रेट उलटा करून बसायला दिला.