बर्फाच्या हवाली केलेले जहाज

१८८४ साली ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्याजवळ तरत्या बर्फावर थोडे सामान सापडले. त्यात ‘जॅनेट’ या अमेरिकी जहाजाचे कागद होते आणि एका खलाशाची मेणकापडी विजारही होती. जहाज मात्र जून १८८१ मध्ये, ध्रुवाच्या पलीकडच्या बाजूला, सायबेरियाच्या उत्तरेस बर्फात चिरडून बुडाले होते. यावरून नॉर्वेचे हवामानशास्त्रज्ञ हेन्रिक मोन यांनी अनुमान काढले, की सायबेरियाकडून ग्रीनलंडकडे ध्रुवप्रदेश ओलांडून जाणारा प्रवाह असला पाहिजे.

ग्रीनलंडच्या इनुइट लोकांच्या हाती या प्रवाहाचा पुरावा पिढ्यान्‌पिढ्या होताच. त्यांच्या भूमीत होडीच्या सांगाड्याजोगे झाड क्वचितच वाढते, पण सायबेरियातल्या नद्यांनी समुद्रात लोटलेले लार्च या सूचिपर्णी झाडाचे ओंडके बर्फात अडकून त्यांच्या किनाऱ्याला लागत. बर्फाचा आधार नसता, तर ते पाणी पिऊन वाटेतच बुडाले असते.

नॉर्वेचे ध्रुवसंशोधक फ्रित्यॉफ नान्सेन यांनी जे केले, त्याला अनेक जाणकारांनी वेडेपणा म्हटले: याच प्रवाहाबरोबर वाहत जाण्यासाठी त्यांनी ‘फ्राम’ हे जहाज जाणूनबुजून बर्फात गोठू दिले. कॉलिन आर्चर यांनी त्याचा तळ असा गोलसर घडवला होता, की बर्फाने आवळले तर जहाज चिरडण्याऐवजी वर उचलले जावे. सप्टेंबर १८९३ मध्ये अडकलेले हे जहाज, कधी पुढे तर कधी मागे सरकत, ऑगस्ट १८९६ मध्ये स्पिट्सबर्गेनजवळ मोकळे झाले.

या वाहण्यात नान्सेन यांना दिसले, की बर्फ वाऱ्याच्या दिशेने न जाता तिच्या उजवीकडे २० ते ४० अंश कलून जातो. याचे गणित स्वीडनचे समुद्रशास्त्रज्ञ वाग्न वॉलफ्रिड एकमन यांनी मांडले. वारा पाण्याच्या वरच्या थराला ओढतो, तो थर खालच्याला ओढतो आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे प्रत्येक थर वरच्यापेक्षा थोडा अधिक उजवीकडे वळतो. वेगही खाली खाली कमी होत जातो. उत्तर गोलार्धात या साऱ्या थरांचे एकत्रित वहन वाऱ्याशी काटकोनात, उजवीकडे होते. माझ्या मते फ्रामची खरी कमाई हीच, कारण हा नियम केवळ बर्फाळ समुद्रापुरता नाही.

ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘पोलारश्टेर्न’ हे जर्मन संशोधन जहाज याच प्रवाहातल्या एका हिमपट्ट्याला बांधण्यात आले. त्याची सुरुवात फ्रामपेक्षा बरीच उत्तरेकडून झाली होती हे खरे, तरीही दहा महिन्यांत तो पट्टा ग्रीनलंड आणि स्वालबार्ड यांच्यामधल्या सामुद्रधुनीत येऊन फुटला. पातळ झालेला बर्फ वारा सहज ढकलतो. दुसरीकडे, सायबेरियाच्या उथळ किनारी समुद्रात तयार होणारा बराचसा बर्फ आता ध्रुवाकडे पोहोचण्याआधीच वितळतो आणि त्याने धरून ठेवलेला गाळ वाटेतच तळाला जातो.