पलायन-अंतर

मित्रहो, वन्यजीव छायाचित्रकाराला हमखास विचारला जाणारा प्रश्न म्हणजे, ‘तुम्ही किती जवळ गेला होता?’ खरे तर हे अंतर प्राणी ठरवतो. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने त्याला पलायन-अंतर म्हटले आहे. शत्रूला एका मर्यादेपर्यंत प्राणी येऊ देतो आणि ती ओलांडली गेली की पळतो. ही मर्यादा जातीनुसार बदलते, जागेनुसार बदलते आणि अनुभवानेही बदलते.

ताडोबाचेच पाहा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेल्या या जंगलात वाघीण जिप्सीपासून दहा पावलांवरून मान न वळवता निघून जाते, कारण लहानपणापासून तिने गाड्या पाहिलेल्या असतात. मात्र त्याच जिप्सीत कुणी टपावर हात टेकून उभा राहिला, की गाडीची ओळखीची आकृती मोडते आणि वाघिणीचे कान मागे जातात. सांबराचीही गंमत आहे. वाघ दिसला की ते लगेच पळत सुटत नाही. शेपूट उभारून, पुढचा पाय आपटत, त्याच्याकडे तोंड करून ओरडत राहते. दिसलेला वाघ पुरेशा अंतरावर असेल, तर त्याच्यापासून तेवढे भय नसते.

मला सर्वाधिक शिकवले ते सोलापूरकडच्या माळावरच्या लांडग्याने. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत असूनही त्याचे बरेचसे वास्तव्य संरक्षित जंगलांबाहेर, धनगरांच्या मेंढरांच्या आसपास असते. तिथे ना प्रवेशद्वार, ना गाइड, ना ठरलेला रस्ता. घोंगडी पांघरलेला धनगर शंभर पावलांवरून गेला, तरी लांडगा गवतात बसून राहतो. मी गाडीचे दार उघडले, की त्या खटक्यासरशी तो उठून चालू लागतो. सुरुवातीच्या एका हिवाळ्यात मला ओघळीच्या काठावर त्यांचे बीळ सापडले. तोंडाशी बारीक ठसे होते आणि कडेला मेंढीच्या हाडाचा चघळलेला तुकडा. तीन दिवस मी रोज थोडा थोडा पुढे सरकत गेलो, मादी लांबून पाहत राहिली आणि ती सरावली, असे मी सोयीस्करपणे मानले. चौथ्या दिवशी बीळ रिकामे होते. रातोरात एकेक पिल्लू तोंडात धरून तिने ते कुठे नेले, हे मी शोधले नाही. तेवढी लाज शिल्लक होती.

परदेशात याच्या उलटेही घडले. केनियातल्या मसाई मारात चित्ता टेहळणीसाठी वारुळावर चढतो; आमच्या गाडीलाही त्याने वारूळच मानले. तो टपावर बसला आणि त्याची शेपटी माझ्या डोळ्यांसमोर लोंबू लागली. माझ्या सहाशे मिलिमीटरच्या लेन्सला चार मीटरच्या आतले काहीच टिपता येत नसल्याने मी श्वास रोखून नुसता बसून राहिलो. गालापागोस बेटांवर तर प्राण्यांपासून दोन मीटर दूर राहण्याचा नियम आहे आणि तो पाळताना माणसाचीच तारांबळ उडते. मोठ्या भूचर शिकाऱ्यांशिवाय तिथले प्राणी विकसित झाले, त्यामुळे समुद्री इग्वाना भर पायवाटेवर ऊन खात पडतात आणि वळसा आपल्याला घ्यावा लागतो.

अजूनही मी त्या माळावर जातो. पहाटेच गाडी लावतो, इंजिन बंद करतो, खिडकीच्या कडेवर वाळूची पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवतो आणि दाराला हात लावत नाही. गेल्या माघात एक नर स्वतःहून आला, चाळीसेक पावलांवर गवत तुडवून बसला, जांभई दिली आणि माझ्याकडे पाठ करून झोपला. दोन तासांत मिळालेल्या सगळ्या छायाचित्रांत त्याची पाठच आहे. एका कानाचा रोख मात्र शेवटपर्यंत गाडीकडे राहिला.