काटा सांगत नाही ते

श्रोतेहो, नमस्कार.

गरोदर बाई दोन मजले चढून आली की तिला धाप लागते. लगेच घरात सुरू होतं, 'अशक्तपणा आलाय, लाडू खा.' दर वेळी अशक्तपणाच असतो असं नाही. दिवस भरत येईपर्यंत अंगातलं रक्त 40 ते 50 टक्क्यांनी वाढतं आणि हृदयाचे ठोके मिनिटाला 10 ते 20 जास्त पडतात. त्या रक्तात पाणी जास्त वाढतं, तांबड्या पेशी त्या मानाने कमी वाढतात, म्हणून हिमोग्लोबिन थोडं उतरतंच. 11 च्या खाली गेलं तर मात्र उपचार हवेत. आणि आडवं झाल्यावर धाप लागत असेल, रात्री उठून बसावं लागत असेल, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

आता साखर. पाचव्या-सहाव्या महिन्यापासून वारेतली हार्मोन्स आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणजे बाळाला साखर पुरते. आईच्या स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन काढावं लागतं. ते जमलं नाही की रक्तात साखर साचते.

'पण आमची सून काडीसारखी, तिला कुठली साखर!' याला उत्तर एका फोटोत आहे. 2004 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा शेजारी-शेजारी उभा फोटो छापून आला. एक आपल्या पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजन दोघांचं अगदी सारखं, बीएमआय 22.3. पण चरबी मोजली, तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2! काटा एकच, चरबी दुपटीहून जास्त. खाली त्यांनीच गमतीने लिहिलं होतं, की युडकिन मॅरेथॉन पळतात आणि याज्ञिकांचा व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत पळणं. (आपल्यातले निम्मे याच व्यायामाचे! दोन मजल्यांसाठीही आपण लिफ्टपाशी उभे.) पण आणखी एक शक्य कारण पुढे होतं: याज्ञिकांचं जन्माचं वजन कमी होतं. म्हणजे गोष्ट आईच्या पोटापर्यंत जाते. त्यांच्याच गटाने पुण्याजवळच्या 6 खेड्यांतली बाळं मोजली. सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनला 3.5. बाळं लहान, स्नायू कमी, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. बारीक, तरी चरबीदार. आणि चरबी जास्त असली की इन्सुलिनचा जोर कमी पडतो.

म्हणून सांगते, बारीक सुनेचीही साखरेची तपासणी करा. 75 ग्रॅम ग्लुकोज 300 मिली पाण्यात, 5 ते 10 मिनिटांत प्यायचं, 2 तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असायची गरज नाही. साखर 140 किंवा वर आली तर उपचार. अर्ध्या तासात उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. नाव नोंदवताना एकदा, आणि 24 ते 28 आठवड्यांत परत एकदा.

वार पडली की इन्सुलिनचा तो अडथळाही ओसरतो. अंगावर पाजताना दूध बनवायला आईची साखर आणि चरबी खर्च होते. पहिले 6 महिने रोज 600 कॅलरी जास्त लागतात: दोन भाकऱ्या, वाटीभर उसळ, पेलाभर दूध, झालं. डिंकाचा लाडू एक पुरे, माहेरचा डबा एका आठवड्यात संपवायची पैज नाही.

गरोदरपणी साखर वाढली असेल, तर बाळंतपणानंतर 6 आठवड्यांनी तीच तपासणी पुन्हा, या वेळी उपाशीपोटी. हीच नेमकी राहून जाते, कारण सगळ्यांचं लक्ष बाळाकडे. बाळाची दीड महिन्याची लस याच सुमाराला असते. त्याच फेरीत आईचंही रक्त देऊन या.